वाघाच्या मावशीची बिऱ्हाडं

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ती घरं मोजलेला माणूस मात्र मला कधी भेटला नाही. बदलापूर पूर्वेला आमच्या इमारतीत एक कबरी मांजरी व्यायली तेव्हा मीच मोजायला बसले. पहिलं बिऱ्हाड तळमजल्यावर मीटर रूममध्ये, कुणीतरी टाकलेल्या मिक्सरच्या खोक्यात. दुसरं जिन्याखाली, हवा गेलेल्या सायकलींच्या मागे. तिसरं पहिल्या मजल्यावरच्या चपलांच्या रॅकमध्ये, खालून दुसऱ्या कप्प्यात, शाळेच्या बुटांवर. चौथं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या बॉक्स ग्रिलमध्ये, तुळशीच्या कुंडीआड. तिथून ती चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटच्या बाल्कनीत गेली आणि माझी मोजणी खुंटली. फ्लॅटचा मालक दादरला राहतो, किल्ली त्याच्याकडे. बदलापुरात गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवलेले असे बंद फ्लॅट पुष्कळ आहेत. एजंटांच्या आधी त्यांचा पत्ता मांजरांना लागतो.

घर बदलण्यामागे तिची कारणं साधी असतात. जागा घाण झाली, पिल्लांचा वास पसरला, माणसांची ये-जा वाढली, बोक्याची चाहूल लागली. पिल्लाला ती मानेमागच्या सैल कातडीला धरून उचलते आणि त्या क्षणी पिल्लू लुळं पडतं. पाय पोटाशी, शेपूट आत, आवाज बंद. २००८ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी मोठ्या मांजरांच्या मानेमागे कागदांना लावतात ते चिमटे लावून पाहिले, तर बरीचशी मांजरं तशीच शांत झाली. मांजरीने पिल्लू उचलून नेण्याच्या याच चित्रावरून रामानुजांच्या अनुयायांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, भक्ताने वानराच्या पिल्लासारखं देवाला घट्ट धरावं. दुसरा म्हणतो, मांजराच्या पिल्लासारखं नुसतं लोंबकळावं, नेणारी नेते. कबरीचं चौथं पिल्लू जिन्यातून जाताना मी अगदी जवळून पाहिलं. त्याचा एक डोळा उघडला होता, एक अजून चिकटलेला होता, आणि त्या एका डोळ्यात कसलीही चिंता नव्हती.

बिऱ्हाड हलवण्याचं आमच्या या पट्ट्यात कुणाला नवल नाही. वडील निवृत्त झाले तेव्हा आम्ही अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमधून निघालो. आमच्या मजल्यावरची इतर मंडळी गिरगाव-परळच्या चाळींतून डोंबिवलीमार्गे सरकत इथवर आली. उल्हासनगर तर अख्खं शहरच बिऱ्हाडाचं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी कल्याण कॅम्प उभा राहिला, फाळणीनंतर त्याच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव दिलं. बराकींत मांजरं केव्हा शिरली याची नोंद कुणी ठेवली नसणार. तशी ती कुठेच नसते. कुत्र्याला माणसाने घडवलं असं म्हणता येईल. मांजर आलं ते आपल्या पायांनी. पश्चिम आशियात माणूस धान्य साठवायला लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे तिकडचं रानमांजर. जगभरची पाळीव मांजरं त्या एकाच जातीची वंशज आहेत, हे २००७ मध्ये जनुकांच्या तपासणीतून नक्की झालं. सायप्रस बेटावर तर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक थडगं सापडलं आहे. त्यात माणूस आहे आणि हातभर अंतरावर मांजर. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कुणीतरी घर बदलताना नावेत सामानाबरोबर मांजरही घेतलं होतं.

इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही या प्राण्याबद्दल आपण जे छातीठोकपणे बोलतो ते बहुतेक अर्धंच खरं असतं, आणि उरलेलं अर्धं जास्त गमतीचं असतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, ही म्हण घ्या. हिच्यात मांजराला साफ ढोंगी ठरवून टाकलंय. आता मांजराची बाजू ऐका. त्याला नाकापासून वीतभर अंतरातलं धड दिसतच नाही. तेवढ्या जवळ त्याचे डोळे ठरत नाहीत. तिथलं काम मिशा करतात. वाटीत तोंड घातल्यावर डोळे उघडे ठेवले काय नि मिटले काय, सारखंच. पुढचं आणखी मजेशीर. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं की गोड चव ओळखायला जिभेवर जी दोन प्रथिनं लागतात, त्यांतल्या एकाचं जनुक मांजरात मोडकं आहे. वाघ आणि चित्ता तपासले, त्यांच्यातही तेच. या घराण्यात कुणालाच गोड कळत नाही. आणि तिसरं म्हणजे, दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचवणारं पाचकद्रव्य पुरेसं तयार होत नाही. थोडक्यात, म्हणीतलं ते प्रसिद्ध दूध मांजराला नीट दिसत नाही, गोड लागत नाही आणि पचतही नाही. त्याला हवी असते साय, तिच्यातला स्निग्धांश.

क्वार्टरमध्ये असताना आई आमच्या मनीला दुधात चिमूटभर साखर घालून द्यायची. लेकुरवाळी आहे, तिला जरा गोड, असं तिचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मनी मागच्या दाराच्या रद्दीवर जे करून ठेवायची, त्याचा ठपका आई नेमाने आदल्या रात्रीच्या उंदरावर ठेवायची. उंदीर निर्दोष होते.

दूध पिण्याची तऱ्हा मात्र खरोखर बघण्यासारखी असते आणि ती नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकवणारे रोमन स्टॉकर सकाळी न्याहारी करता करता आपल्या मांजराकडे बघत बसले आणि तेवढ्यावरून २०१० मध्ये एक शोधनिबंध झाला. मांजर जिभेचं टोक खाली वळवून दुधाच्या पृष्ठभागाला फक्त टेकवतं आणि झटकन वर ओढतं. त्याबरोबर दुधाचा एक बारीक खांब उभा राहतो. तो खाली कोसळायच्या आत मांजर तोंड मिटून वरचा भाग पळवतं. सेकंदाला साधारण चार वेळा. हनुवटी कोरडी. आमच्याकडे पाहुणे बशीतून चहा पिताना इतकी सफाई क्वचित दिसते.

मांजर उंदरांचा काळ, हा दुसरा समज. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये आम्ही वर्षाचे तांदूळ भरायला जायचो, त्या किराणा दुकानात बासमतीच्या गोणीवर एक पांढरी मांजरी कायम पसरलेली असे. गिऱ्हाईक आलं तरी उठायची नाही. शेठच तिला बाजूला सरकवून माप घालायचे. एकदा वडिलांनी विचारलं, "साईं, ही उंदीर पकडते का नुसतीच झोपते?" शेठ तागडीवरून नजर न काढता म्हणाले, "छोटा पकडती है. घूस आई तो नमस्ते करती है."

शेठचं निरीक्षण पुढे न्यूयॉर्कमध्ये खरं ठरलं. तिथे ब्रुकलिनमधल्या एका कचरा-प्रक्रिया केंद्रात मोठे उंदीर होते, भोवताली मोकाट मांजरं होती आणि सगळीकडे कॅमेरे होते. ७९ दिवसांत मांजरांनी मारले फक्त दोन उंदीर. २०१८ मध्ये हा अभ्यास छापून आला तेव्हा बऱ्याच मार्जारप्रेमींची मनं दुखावली. पण त्यातच एक मेख होती. मांजरं आसपास असली की उंदीर बिळाबाहेर कमी यायचे. दिसले नाहीत म्हणून माणसांना वाटायचं, संपले. महाभारताच्या शांतिपर्वात पलित नावाचा उंदीर आणि लोमश नावाचा बोका यांची गोष्ट आहे. बोका फासात अडकलेला, उंदराच्या मागे मुंगूस आणि घुबड. दोघं तह करतात. उंदीर बोक्याच्या कुशीत दडतो, पण जाळं कुरतडायला मुद्दाम वेळ लावतो आणि पारधी अगदी जवळ आला तेव्हाच शेवटचा दोर तोडतो. मग बोका झाडावर आणि उंदीर बिळात. भीष्म हे युधिष्ठिराला राजनीती म्हणून सांगतात. माझ्या मते किराणा दुकानातली नीतीही हीच आहे.

वाघाची मावशी हे नातं तरी खरं का? बरंचसं. वाघाचा जनुकसंच २०१३ मध्ये वाचला गेला आणि तो मांजराशी ९५.६ टक्के जुळला. मावशीने भाच्याला सगळं शिकवलं, फक्त झाडावर चढणं शिकवलं नाही, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. गोष्टीतून एक तपशील निसटलाय. मावशीला स्वतःला चढता येतं, उतरता येत नाही. तिच्या नख्या मागच्या बाजूला वळलेल्या असतात. चढताना त्या सालीत रुततात. डोकं खाली करून उतरू गेलं की सुटतात. उलटं तोंड करून, मागचे पाय आधी टाकत उतरायचं असतं, आणि ते बऱ्याच मांजरांना सुचत नाही. फॅक्टरीच्या कॉलनीतल्या चिंचेवर एकदा एक पिल्लू असंच अडकलं. अख्खी संध्याकाळ ओरडत होतं. खाली चादर धरून चार बायका, वर बघणारी सगळी लाइन, कुणीतरी अग्निशमन दलाला फोन करायला धावलेलं. बंब यायच्या आधी अंधार पडला, गर्दी पांगली आणि पिल्लू घसरत, साल ओरबाडत, उलटं उतरून आलं. लोक असताना त्याला उतरायची गरज वाटली नव्हती, एवढंच मी म्हणेन.

दुसऱ्या भाच्याला, बिबट्याला मात्र मावशीने सगळं शिकवलंय. २०१८ मध्ये तो उल्हासनगरच्या भर वस्तीत एका बंगल्यात शिरला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाने बेशुद्ध करून त्याला नेलं. २०२२ च्या नोव्हेंबरात दुसरा एक कल्याण पूर्वेच्या इमारतीत जिन्याने चढला. आमच्या मागे मलंगगडाची रांग, बारवीचं जंगल. बातमी आली की आठवडाभर संध्याकाळी मुलं आत आणि मांजरंही आत. घराण्यात आणखी एक फाटा आहे. वाघ-बिबटे डरकाळी फोडतात, मांजर घुरघुरतं. ती घुरघुर येते कशी यावर बरीच वर्षं खल चालला होता. मेंदू स्नायूंना सेकंदाला वीस-तीस वेळा हलवतो, असा समज होता. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये, असाध्य आजारामुळे दयामरण दिलेल्या आठ मांजरांच्या स्वरयंत्रांतून नुसती गरम दमट हवा सोडली, तर मेंदूवाचून घुरघुर झाली. स्वरतंतूंत गाद्यांसारखे उंचवटे असतात, ते आवाज इतका खाली आणतात. अर्थात घुरघुरलं म्हणजे खूश आहे असं नाही. दुखापत झाली, वीण चालू असली तरी मांजर घुरघुरतं. कबरी मीटर रूममध्ये कळा देत होती तेव्हा आत कुठलातरी मीटर बिघडलाय असं वॉचमनला वाटलं होतं.

ओघाने सांगते, पावसाळ्यात आमच्या भागात 'छतावर केवढं मोठं मांजर आलंय' असा फोन ज्यांना जातो, त्या सर्पमित्रांना बहुतेक वेळा सापडतं ते उदमांजर. त्याचं मांजराशी नाव सोडून फारसं काही जुळत नाही. ते वेगळ्याच कुळातलं, फळं खाणारं. खरी चुलत बहीण आहे ती वाघाटी. जगातल्या सगळ्यांत लहान रानमांजरांत तिची गणना होते, वजन जेमतेम दीड किलो. ती महाराष्ट्रात आहे, पण उसाच्या फडात पिल्लं सापडली तरच लोकांच्या नजरेस पडते.

आता काकूंचं भाकीत. पिल्लं ग्रिलमध्ये असताना त्यांनी लांबूनच जाहीर केलं, "दोन तांबडी ते बोके, ती तिरंगी मुलगी, काळ्याचं सांगत नाही." शाळेत विज्ञान शिकलेल्या त्यांच्या नातवाने आजीला अंधश्रद्धाळू ठरवलं. आजी बरोबर होत्या. तांबड्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याला एकच एक्स, त्यामुळे तो एकतर तांबडा नाहीतर काळा. मांजरीला दोन असतात; एकावर तांबडा, दुसऱ्यावर काळा आला, तर अंगातल्या प्रत्येक पेशीत कुठलातरी एक एक्स बंद पडतो आणि अंगभर ठिगळं उमटतात. पांढरा त्यात वेगळ्या जनुकाने मिसळतो. तिरंगी बोका हजारोंत एखादा, तोही एक जादा एक्स घेऊन आलेला आणि बहुधा वांझ. तांबड्यांत पाचातले चार बोके. हे सगळं जुनंच आहे. पण नेमकं जनुक कोणतं हे सापडायला २०२५ उजाडावं लागलं. जपान आणि अमेरिका इथल्या दोन गटांना ते एकाच वेळी सापडलं. जपानमधल्या गटाने तर मांजरप्रेमी जनतेकडून वर्गणी गोळा करून खर्च भागवला. काकूंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला विचारायचं होतंत." काळं पिल्लू बोका निघालं. चौघांचा बाप एकच असेल याची मात्र खात्री नाही. एका वेतात दोन-तीन बाप असणं मांजरांत सर्रास चालतं. हे मी काकूंना सांगितलं नाही.

उंचावरून पडलं तरी मांजर चार पायांवरच उतरतं, हाही समज बराचसा खरा. पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ मध्ये पडत्या मांजराचे एकापाठोपाठ एक फोटो काढले, तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ चक्रावले होते, की हवेत कशाचाही आधार नसताना हे फिरतं कसं. ते धडाचे पुढचा-मागचा असे दोन भाग वेगवेगळे पिळतं, एवढं त्याचं उत्तर. पण बदलापुरात आता पंधरा-वीस मजली टॉवर उठले आहेत आणि या समजावर विसंबून राहू नये. १९८७ च्या न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात इमारतींवरून पडलेली १३२ मांजरं होती आणि त्यांतली नव्वद टक्के जगली, हे खरं. पण जी जागीच गेली ती दवाखान्यात आलीच नाहीत, त्यामुळे त्यांचा हिशेब नाही. कबुतरांची जाळी लावलेली बरी.

अंबरनाथच्या शिवमंदिराशी, शिलाहारांच्या १०६० सालच्या त्या काळ्या दगडांवर दुपारी मांजरं ताणून दिलेली दिसतात. मूळ वाळवंटाकाठचं जनावर, ऊन हवंच. त्याच वारशाने पाण्याचं वावडंही. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी बदलापुरात घुसली तेव्हा पश्चिमेला माझ्या मावशीच्या बैठ्या घरातलं मांजर पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच माळ्यावर जाऊन बसलं होतं. माणसं मग त्याच्या मागून चढली.

पावसाळ्याचीच आणखी एक गंमत. ऑगस्टमध्ये सोसायटीच्या कुंपणालगत खोकली नावाचं तण माजतं. हातभर उंच, पानं कडेला दातेरी, कणसाला हिरवे पेले लटकलेले. जुन्या बायका खोकल्यावर द्यायच्या. माळी ते उपटत होता आणि मुळं उघडी पडल्याबरोबर कबरी गॅरेजच्या छपरावरून उडी मारून आली. मूळ हुंगलं, गाल घासला, चाटलं, आडवी पडून मागच्या पायांनी त्याला लाथा मारल्या, तोंडातून लाळ. मग उठून बसली आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने पंजा चाटू लागली. परदेशात मांजरं झिंगवायला कॅटनिपची पुडी विकतात. आपल्याकडे तीच झिंग या फुकट तणात आहे. जपानमध्ये मांजरं अशाच एका वेलीवर लोळतात. तिथल्या इवाते विद्यापीठाच्या लोकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की त्या लोळण्याने पानांतला रस अंगाला लागतो आणि डास लांब राहतात. आमच्याकडे डासांची ददात नाही, तेव्हा कबरीला लोळायला कारण आहे.

गेल्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला 'इमारतीतील मांजरे' होतं. कुणीतरी लेखी तक्रार दिली होती. मांजर कुणाचं, हा पहिला प्रश्न निघाला आणि तिथेच गाडं अडलं. तळमजल्यावर कबरीला मनी म्हणतात, दुसऱ्यावर स्नोई, सिंधी कुटुंबाकडे रानी, काकूंकडे नुसतंच 'अगं'. मांजराला स्वतःचं नाव ओळखता येतं, हे संशोधक अत्सुको साइतो यांनी २०१९ मध्ये सिद्ध केलंय. नाव घेतलं की कान हलतो, मान वळते, येणं-न येणं ही वेगळी बाब. पण चार नावं असतील तर काय, यावर त्यांनी काही म्हटलेलं नाही. तक्रारदाराने सुचवलं, जो खायला घालतो तो मालक धरावा. सेक्रेटरींनी विचारलं, "कोण कोण घालतं?" हात वर यायला लागले. एक, दोन, पाच. खजिनदारांचा अर्धा. शेवटी तक्रारदारांच्या बायकोने वर केला. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला आणि आम्ही आठव्या विषयाकडे, पाण्याच्या टाकीच्या गळतीकडे वळलो.